गोन्सालो गार्सियावर लेख लिहायचाय? मग शेवटाकडून सुरुवात करा

प्रश्न असा आहे. एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) स्मरणिकेसाठी संत गोन्सालो गार्सियावर, म्हणजे वसईत वाढलेल्या आणि १५९७ मध्ये जपानमध्ये क्रुसावर मारल्या गेलेल्या संतावर, लेख लिहायचा आहे. प्रश्नकर्त्यांनी चार-पाच ठिकाणचं साहित्य जमवलं आणि प्रत्येक ठिकाणी निराळंच सापडलं. कुठे जन्मसाल १५५६, कुठे १५५७. कुठे तो 'पहिला भारतीय संत', तर कुठे हा मान केरळच्या अल्फोन्साला दिलेला. एकाच्या लेखी तो पोर्तुगीज, दुसऱ्याच्या लेखी अस्सल वसईकर. एकीकडे तो येशूसंघाचा (जेझुइट), दुसरीकडे फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघाचा. त्यातच घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं की जो राजकारणात सापडून मारला गेला त्याला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेला, कसं म्हणायचं? तिथे लेख अडला तो अडलाच.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. आता वसईच्या किल्ल्यात मुलांना आणि धर्मग्रामांच्या गटांना घेऊन फिरते. सणांच्या आणि जयंत्यांच्या स्मरणिकांचे लेख छापण्याआधी तपासून द्यायचं कामही कधीतरी मागे लागलं आणि आता सुटत नाही. गोन्सालोवरचे लेख त्यात नेहमी असतात, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमची अडचण मुळात तारखांची नाहीच. या माणसाच्या आयुष्याचा पुरावा सगळीकडे सारखा पसरलेला नाही. शेवटच्या चार वर्षांबद्दल बरंच ठाऊक आहे. शेवटच्या महिन्याची तर जवळजवळ दिवसवार माहिती मिळते. वसईतल्या बालपणाबद्दल मात्र मोजक्या ओळी आहेत. आपण चरित्र म्हटलं की पाळण्यापासून सुरू करतो. मग जिथे हाताशी सगळ्यात कमी आहे तिथेच पानं भरायची वेळ येते आणि लेखणी सैल सुटते. 'लहानपणापासूनच तो प्रार्थनेत रमत असे' हे वाक्य इतक्या संतांच्या चरित्रांत वाचलंय की आता तिथे माझं लाल पेन आपोआप चालतं. म्हणून सल्ला साधा आहे. शेवटापासून मागे या.

किती खोलात जायचं ते अर्थात वाचकावर अवलंबून आहे. नोव्हेनात (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत) वाचायचं मनन असेल तर जपानच्या राजकारणाला दोन वाक्यं पुरे. प्रदर्शनातला फलक असेल तर त्याहूनही कमी. स्मरणिका मात्र घराघरांत वर्षानुवर्षं राहते, पुढची पिढी तीच उघडून त्यातून उतरवून घेते. तुम्ही केलेली चूक तुमच्या नातवंडांच्या भाषणात ऐकू येईल, हे गृहीत धरून लिहा.

तर मग शेवट. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीतली निशिझाका टेकडी, सव्वीस क्रूस. त्यांत सहा जण फ्रान्सिस्कन, तीन जण जपानी येशूसंघीय आणि सतरा जण सामान्य श्रद्धावंत होते. फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा फेलिपे दे जेसुस आणि एक आपला गोन्सालो. सतरा जणांत फ्रान्सिस्कनांच्या हाताखाली काम करणारे मदतनीस, धर्मशिक्षक आणि मुलंही होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता, अंतोनियो तेरा, तोमास कोझाकी चौदा.

ही धरपकड डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाकाला झाली. नाक आणि दोन्ही कान कापण्याचा हुकूम होता. अंमलबजावणी ज्याच्याकडे होती त्या इशिदा मित्सुनारीने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर आणला. ३ जानेवारीला क्योटोत ते झालं आणि कैद्यांना गाड्यांत बसवून शहरभर मिरवलं गेलं. मग ऐन हिवाळ्यात साकाईपासून नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आलं, जवळजवळ महिनाभर, गावोगावच्या लोकांना दहशत बसावी म्हणून. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे जण आपणही ख्रिस्तीच आहोत म्हणत त्यांच्यात सामील झाले आणि संख्या सव्वीस झाली. हे दोघे लेखातून हमखास गळतात. कृपा करून त्यांना गाळू नका, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को किची अशी त्यांची नावं आहेत.

लुईस इबाराकीला जीव वाचवायची संधी देऊ केली होती, ती त्याने नाकारली. तीन येशूसंघीयांपैकी पॉल मिकीने क्रुसावरून जमलेल्या लोकांना उद्देशून भाषण केलं. आणि गोन्सालो? परंपरा सांगते की टेकडीवर पोचणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता. समोर पडलेल्या एका क्रुसाकडे बोट दाखवून हा माझा का, असं त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर जो दाखवला त्याच्यापाशी गुडघे टेकून त्याने त्याला मिठी मारली. तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या आसपास होतं.

चित्र छापणार असाल तर एक बारीक गोष्ट पाहून घ्या. या क्रुसांवर खिळे नव्हते. जपानी पद्धतीप्रमाणे हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी जखडून क्रूस उभे केले गेले आणि मग दोन बाजूंनी भाले खुपसले गेले. त्यामुळे हातात खिळे दाखवणारं चित्र दिसायला कितीही भक्तिपूर्ण असलं तरी चुकीचं आहे. भाले आणि क्रूस घेऊन उभा फ्रान्सिस्कन झग्यातला गोन्सालो हे चित्र योग्य.

हे सगळं इतक्या खात्रीने का सांगता येतं? कारण तेव्हा नागासाकीत लिहिणारी माणसं हजर होती. येशूसंघाचे लुईस फ्रोइश यांनी लगेच सविस्तर वृत्तांत लिहिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते वारले. मार्सेलो दे रिबादेनेइरा हे फ्रान्सिस्कन बंदरातल्या पोर्तुगीज जहाजावर अडकवून ठेवलेले होते, त्यांनीही पुढे लिहिलं. गंमत अशी की येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांचं त्या काळी जपानमध्ये अजिबात पटत नव्हतं. या संकटाला जबाबदार कोण यावरून दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत होत्या. जुन्या कागदपत्रांबरोबर बसताना माझा ठोकताळा असा असतो, की दोन भांडणारे साक्षीदार जिथे एकच गोष्ट सांगतात तिथे निर्धास्त राहायचं. कैद्यांची संख्या, दिवस, जागा, नावं यांवर दोघांचं एकमत आहे. दोष कुणाचा यावर नाही. तुमच्या लेखात तो दोष वाटत बसायची गरजही नाही.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचाच आहे.

राजकारण होतं, ते लपवू नका. जपानवर तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीची हुकमत होती. त्याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण मकाऊहून येणारा पोर्तुगीज व्यापार हवा असल्याने तो कडकपणे राबवला नाही. सप्टेंबर १५९६ मध्ये मोठा भूकंप होऊन त्याचा फुशिमीचा किल्ला कोसळला. कोरियाची मोहीम खजिना खातच होती. अशात ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश गलबत, मनिलाहून मेक्सिकोतल्या अकापुल्कोकडे माल भरून निघालेलं, वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. तो माल जप्त झाला. मग कथा अशी सांगितली जाते की जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या राजाचा जगभरचा पसारा नकाशावर दाखवला आणि आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य येतं, असं काहीसं बोलला. तो नेमकं काय बोलला यावर तेव्हापासून वाद आहे, म्हणून ते वाक्य अवतरणचिन्हांत छापू नका. हिदेयोशी भडकला आणि धरपकड झाली, एवढं पक्कं.

तरी त्यांना रक्तसाक्षी का मानायचं? मी गटांना दोन गोष्टी दाखवते. पहिली म्हणजे शिक्षेचा फलक. कैद्यांच्या पुढे वाहून नेलेल्या त्या फलकावर कारण लिहिलेलं होतं. ही माणसं फिलिपिन्समधून वकील म्हणजे राजदूत म्हणून आली, मियाकोत म्हणजे क्योटोत राहिली आणि आपण मनाई केलेल्या धर्माचा त्यांनी प्रचार केला, असा त्याचा आशय. शिक्षा देणाऱ्यानेच कारण म्हणून धर्मप्रचार लिहिलाय, जहाज नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सव्वीसपैकी वीस जण जपानमधलेच होते. एखादा सुतार, एखादा स्वयंपाकी, बारा वर्षांचं पोर, यांचा स्पेनच्या साम्राज्याशी काय संबंध? श्रद्धा सोडली असती तर त्यांना कुणी हात लावला नसता. चर्चची कसोटी हीच आहे की मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेविषयी द्वेष होता का आणि मरणाऱ्याने मरण राजीखुशीने पत्करलं का. सत्ताधाऱ्याच्या मनात त्याबरोबर आणखी दहा हिशेब असू शकतात. रोमन सम्राटांच्याही मनात ते होतेच.

आता एक पाऊल मागे, १५९३. माझ्या मते गोन्सालोला समजून घ्यायचं असेल तर हेच वर्ष पाहावं, आणि नेमकं याच वर्षावरून लेख घाईघाईने पुढे जातात.

हिदेयोशीने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे आपलं मांडलिकत्व मान्य करा अशी मागणी केली होती. मनिला घाबरलेलं होतं. गव्हर्नर गोमेझ पेरेझ दास्मारिन्यास याने वेळ काढण्यासाठी वकिलात पाठवली आणि तिचं नेतृत्व फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्याकडे दिलं. त्यांच्याबरोबर जपानी बोलू शकणारा माणूस हवा होता. तो होता ब्रदर गोन्सालो. क्यूशू बेटावरच्या नागोया नावाच्या तळावर, जिथून हिदेयोशी कोरियावरची मोहीम चालवत होता, तिथे ही भेट झाली. (हे नागोया म्हणजे आजचं मोठं शहर नव्हे, नकाशा काढताना घोळ घालू नका.) म्हणजे कल्पना करा, जपानचा सर्वांत बलाढ्य माणूस समोर बसलाय, तो मांडलिकत्व मागतोय, आणि त्याचा शब्द स्पॅनिशांपर्यंत आणि स्पॅनिशांचा त्याच्यापर्यंत पोचवतोय तो वसईत वाढलेला एक मुलगा. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता तर काय झालं असतं? स्पेनच्या राजाचं उत्तर येईपर्यंत आम्ही इथेच राहतो, असं सांगून फ्रान्सिस्कन थांबले. त्यांना क्योटोत राहायची परवानगी मिळाली, जागा मिळाली. तिथे त्यांनी मठ आणि देवळाबरोबर कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं चालवली. नंतरची तीन वर्षं तिथल्या जपानी माणसांशी बोलणं, शिकवणं, रोग्यांचं करणं या सगळ्यात गोन्सालोची जपानी भाषा हा त्या मठाचा मोठा आधार होता.

तो ती भाषा कुठे शिकला? आणखी मागे या. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या देखरेखीत तो वाढला आणि साधारण पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. चरित्रकार या संदर्भात फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांचं नाव देतात. जपानमध्ये तो मुलगा भाषा शिकला आणि धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं येशूसंघीयांच्या हाताखाली राबला. संघात घ्या अशी त्याची इच्छा होती. घेतलं नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्यांना, मिश्र रक्ताच्यांनाही, संघाचं सभासद करून घ्यायला पूर्वेकडचे येशूसंघीय वरिष्ठ फार नाखूश असत. खुद्द अलेस्सांद्रो वालिन्यानो हे त्यांचे निरीक्षक जपानी उमेदवारांच्या बाजूने उभे राहिले, पण भारतीयांबद्दल त्यांचं मत उदार नव्हतं. गोन्सालोच्या नकाराचा विचार याच वातावरणात करावा लागतो.

मग तो व्यापारी झाला, धंद्यात त्याचा जमही बसला. कित्येक लेख हा भाग ओशाळल्यासारखा दोन शब्दांत उरकतात, जणू संताने पैसे मिळवणं बरं दिसत नाही. मी उलट सांगेन. थोडा वेळ द्या त्याला. मकाऊ, नागासाकी, मनिला या बंदरांतून फिरणाऱ्या माणसाला माणसं कळतात, भाव कळतात, कुणाशी कसं बोलावं ते कळतं. मनिलात त्याची फ्रान्सिस्कनांशी गाठ पडली आणि त्यांच्यात तो ब्रदर म्हणून दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, ब्रदर. आपल्याकडच्या छापील मजकुरात 'फादर गोन्सालो गार्सिया' इतक्या वेळा येतं की ते खोडून खोडून हात दुखतो. त्याला गुरुदीक्षा कधीच झाली नव्हती. 'येशूसंघाचा की फ्रान्सिस्कन' या तुमच्या गोंधळाचं उत्तरही इथेच मिळतं. वाढला येशूसंघीयांजवळ, व्रतं घेतली आणि मरण पत्करलं ते फ्रान्सिस्कन म्हणून.

अशा रीतीने मागे येत येत आपण वसईला पोचतो, आणि इथे हात आखडता घ्यायचा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर वीसेक वर्षांनी गोन्सालोचा जन्म. 'सुमारे १५५७' असं लिहा आणि मोकळे व्हा. वडील पोर्तुगीज, बहुधा शिपाईगडी, आणि आई इथलीच. पोर्तुगीज शिपायांनी स्थानिक ख्रिस्ती स्त्रियांशी लग्न करून इथेच संसार थाटावा, हे पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दे आल्बुकर्कच्या काळापासून त्यांच्या राज्याचं धोरणच होतं. त्यामुळे अशी घरं किल्ल्यात कमी नव्हती. आईवडिलांची नावं, आईची जात, मोहल्ला, असलं काही कुणी सांगितलं तर पुरावा मागा, नाहीतर घालू नका. तो नेमका कुठल्या समाजाचा, सामवेदी की वाडवळ की कोळी की ईस्ट इंडियन, असं किल्ल्यात मला कुणी ना कुणी विचारतंच. प्रत्येकाला तो आपला हवा असतो, त्यात वाईट काही नाही. पण स्मरणिकेत त्याला एका समाजाच्या खात्यावर मांडू नका.

एका सणाला मुलांनी नाटुकलं बसवलं होतं. त्यात संत फ्रान्सिस झेवियर येऊन छोट्या गोन्सालोच्या डोक्यावर हात ठेवतात. प्रसंग गोड होता. झेवियर वसईला येऊन गेले हे खरंच आहे, पण ते १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, म्हणजे गोन्सालो जन्मायच्या आधी. पुढच्या वर्षी मुलांनी झेवियर काढून समुद्रावरचं वादळ घातलं. ते अधिक रंगलं.

मग तो भारतीय की पोर्तुगीज? मी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही आणि तुम्हीही देऊ नये असं वाटतं. सोळाव्या शतकात पासपोर्ट नव्हते. 'वसईत जन्मलेला आणि वाढलेला, पोर्तुगीज वडील आणि इथल्या आईचा मुलगा' एवढं लिहिलं की सगळी माहिती वाचकासमोर येते. खुद्द पोर्तुगीज समाजात अशा मुलाला पुरता पोर्तुगीज मानत नव्हते, हे त्याला संघात घेतलं गेलं नाही त्या प्रसंगाच्या आसपास एका वाक्यात सांगता येईल. आपण मात्र त्याच्या वडिलांकडे पाहून त्याला परका ठरवायचं, हे मला तरी विचित्र वाटतं.

'पहिला संत' या भानगडीसाठी तारखाच ठेवते समोर. गोन्सालोला ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये, पेन्टेकॉस्टच्या सणाला, बाकीच्या पंचवीस जणांबरोबर संत घोषित केलं. म्हणून 'भारतात जन्मलेला पहिला संत' हे बरोबर. अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळालं, त्या पहिल्या भारतीय स्त्री संत. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत संत झाले. देवसहायम पिल्लई १५ मे २०२२ रोजी, आणि ते पहिले भारतीय प्रापंचिक संत. गोन्सालो फ्रान्सिस्कन ब्रदर असल्यामुळे त्या मानाला धक्का लागत नाही. चौघांची चार विशेषणं आहेत. ती नीट वापरली की कुणाचा मान कुणाला जात नाही.

आता वारसा. इथे लेखात एक मोठी फट दिसते ती बुजवा. पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्षींना १६२७ मध्ये 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि संतपद आलं ते १८६२ मध्ये. मधल्या दोनशे पस्तीस वर्षांत दोन्ही टोकांना काय घडलं ते सांगा. जपानमध्ये १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली, धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेले. इकडे वसईत मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातली देवळं हळूहळू ओस पडली. गावांतली ख्रिस्ती वस्ती मात्र टिकली. म्हणजे १८६२ मध्ये रोममध्ये गोन्सालोचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो ज्या किल्ल्यात वाढला तो इंग्रजी अमलात पडझड झालेला होता, आणि ज्या देशात तो मेला तिथे ख्रिस्ती असणं हा अजूनही गुन्हा होता.

पुढे जे घडलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण वाटतं. जपानची दारं परदेशीयांसाठी किलकिली झाल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत ओउरा इथे, फक्त परदेशी लोकांसाठी म्हणून, एक देऊळ बांधलं. ते या सव्वीस नव्या संतांना अर्पण केलं आणि त्याचं तोंड निशिझाका टेकडीकडे ठेवलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तिथे आले आणि त्यांनी फादर बर्नार पेतीजाँ यांना हळूच सांगितलं की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. धर्मगुरूंविना, पुस्तकांविना, पिढ्यान्‌पिढ्या लपून त्यांनी विश्वास जपला होता. त्यानंतरही छळ झाला, बंदी उठली ती १८७३ मध्ये. २०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातल्या या लपलेल्या ख्रिस्ती वारशाला जागतिक यादीत घेतलं, त्यात ओउराचं देऊळ आहे. निशिझाकावर १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेलं सव्वीस पुतळ्यांचं ब्राँझचं स्मारक आणि शेजारी संग्रहालय उभं राहिलं. त्या स्मारकात एकही जण क्रुसावर दाखवलेला नाही. बहुतेक जण हात जोडून वर निघाल्यासारखे दिसतात. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ मध्ये तिथे गेले होते, पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये.

आणि आपल्याकडे? वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, त्याला अर्पण केलेली देवळं आहेत, आणि किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या देवळाच्या भिंतींना लोक गोन्सालो गार्सियाचंच देऊळ म्हणतात. तरीही वसईपलीकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. कारणं बरीच आहेत. चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला 'पॉल मिकी आणि सोबती' असा सण आहे, म्हणजे आपला माणूस 'सोबती'त बसलेला. तो मेला दूर देशी, इथे त्याची मोठी समाधी नाही. शिवाय पोर्तुगीज आडनाव. त्याच सव्वीस जणांतल्या फेलिपेकडे पाहा. तो मेक्सिको सिटीचा आश्रयदाता संत आहे, ५ फेब्रुवारी तिथे त्याच्या नावाने साजरा होतो. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकाच्या कॅथीड्रलमध्ये तर या सव्वीस जणांच्या शेवटच्या प्रवासाची जुनी भित्तिचित्रं आहेत. वसईचा मुलगा तिथल्या भिंतीवर रंगवला गेलाय आणि आपल्याला ते सांगावं लागतं.

थोडक्यात लेखाचा क्रम असा ठेवा. आधी निशिझाका, मग हिदेयोशीपुढची भेट, मग मनिला आणि व्यापार, मग जपानमधली धर्मशिक्षकाची वर्षं, सगळ्यात शेवटी वसई, आणि त्यानंतर वारसा. वाचकांना उलटा क्रम झेपणार नाही अशी संपादकांना भीती वाटली तर सरळ क्रमाने लिहा, हरकत नाही. बालपणाला मात्र एका परिच्छेदाच्या वर जागा देऊ नका. चमत्कारांच्या कथा घालायच्या असतील तर 'परंपरा सांगते' असं स्पष्ट म्हणून घाला. गोन्सालोच्या तोंडी लांबलचक भाषणं घालायचा मोह आवरा.

फोटोंसाठी जागा कमी असेल तर पुतळ्याचा फोटो गाळा आणि अर्ध्या पानाचा नकाशा छापा. वसई, गोवा, मलाक्का, मकाऊ, नागासाकी, मनिला, क्योटो, आणि परत नागासाकीपर्यंतची ती हिवाळ्यातली वाट तुटक रेषेने. नकाशा कुणाकडून काढून घेतलात तर छापण्याआधी मला पाठवा, नागोया कुठे टाकलंय ते मी एकदा पाहून देते.